दगडाच्या बाजूने बोलणारे गवससाहेब

गवससाहेबांची आणि आमची ओळख झाली तेव्हा ते आमचा ओटा चाटत होते.

आम्ही त्याच दिवशी दुबईच्या अल बर्शातून फुजैराला राहायला आलो होतो. नवऱ्याची, म्हणजे निखिलची, इथल्या ऑइल टर्मिनलवर बदली झाली होती. सामानवाले खोकी वर आणत होते म्हणून दार सताड उघडं होतं. मी बाल्कनीत उभी राहून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी डोंगर बघत होते, तेवढ्यात आमची इरा आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मम्मा, देअर इज अ मॅन लिकिंग अवर किचन."

मी आत गेले. साठीला टेकलेले, खाकी पँट घातलेले, टकलावर गॉगल चढवलेले एक गृहस्थ ओट्यावर वाकले होते. मला बघून ते सरळ झाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चाटलेली जागा व्यवस्थित पुसली.

"नमस्कार. मी गवस, समोरच्या फ्लॅटमधला. चहा वगैरे लागला तर सांगायला आलो होतो. एजंटने तुम्हाला हा ग्रॅनाइट आहे म्हणून सांगितलं असेल."

"हो, म्हणजे, ब्लॅक ग्रॅनाइट."

"ग्रॅनाइट नाही. गॅब्रो आहे. वाईट नाही, उलट चांगला आहे. पण ग्रॅनाइट नाही."

"आणि तुम्ही तो..."

"ओला केला की दाणे दिसतात. पाणी वापरलं असतं, पण तुमचा नळ अजून चालू झालेला नाही."

एवढं बोलून ते गेले आणि दहा मिनिटांनी थर्मासभर चहा घेऊन परत आले. चहा उत्तम होता. पण पुढचे दोन-तीन दिवस मी त्या ओट्यावर पोळ्या लाटल्या नाहीत.

भालचंद्र गवस हे भूगर्भशास्त्रज्ञ होते. फुजैराच्या मागच्या डोंगरांत दगडाच्या मोठमोठ्या खाणी आहेत. तिथला दगड फोडून, चाळून, बोटींत भरून कुठेकुठे जातो; समुद्रात भर घालायला, रस्त्यांना, बंदरांना. अशाच एका क्रशर कंपनीत ते कितीतरी वर्षं होते. कुठला डोंगर किती फोडायचा, कुठून सुरुंग लावायचा, हे ते ठरवायचे. गाव सिंधुदुर्गातलं, गोव्याच्या हद्दीजवळचं हेळवस. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं असं निखिलने एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "फील्डवर होतो. परत आलो तेव्हा वय होऊन गेलं होतं." लग्न म्हणजे जणू दुपारची शेवटची बस.

त्यांच्या फ्लॅटमध्ये बसायला एक खुर्ची होती आणि बाकी सगळीकडे दगड. सोफ्यावर दगड, फ्रिजवर दगड, टीव्हीच्या रिकाम्या स्टँडवर दगड. आम्ही गेलो की ते सोफ्यावरचे दगड उचलून जमिनीवर ठेवायचे आणि आम्ही उठलो की पुन्हा जागच्या जागी. प्रत्येकाची ओळख करून द्यायचे. "हा रास अल खैमाचा. हा ओमानचा, याच्यात बघा, समुद्राचा तळ आहे. हो, तळच. तो वर आला, आपण खाली राहिलो."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "वरचं सोडा, खाली काय आहे?" हे वाक्य त्यांना कशालाही चालायचं. कोणी नवीन गाडी दाखवली, मुलाचे मार्क सांगितले, ऑफिसातल्या भांडणाची कहाणी सांगितली, की शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते ठीक आहे. वरचं सोडा. खाली काय आहे?" आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला की, "खलास." खलास म्हटल्यावर त्या विषयावर बोललेलं त्यांना ऐकूच यायचं नाही.

मॉलमध्ये त्यांना घेऊन जाणं हे एक काम होतं. खिशात पाण्याची छोटी बाटली असायची. बाकीचे लोक दुकानं बघायचे, हे फरशी. एखादी लादी आवडली की बाटलीतलं थोडं पाणी तिच्यावर ओतायचं, गुडघ्यावर बसायचं आणि भिंगातून बघायचं. एकदा दुबईतल्या एका चकचकीत मॉलमध्ये सिक्युरिटीवाला धावत आला. त्याला वाटलं, म्हातारबाबा घसरून पडले. गवससाहेबांनी त्यालाही शेजारी बसवलं. "ये देखो हबीबी, ये शंख है. करोडों साल पुराना. तुम रोज इसके ऊपर से चलते हो." तो नेपाळी पोरगा दहा मिनिटं त्यांच्याबरोबर फरशीवर बसला होता. नंतर ते मॉलमध्ये गेले की तो लांबूनच हात करायचा.

खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. म्हणजे त्यांना ते वाईट वाटायचं असंही नाही. जमायचंच नाही, जसं काहींना शीळ वाजवता येत नाही. आमच्याकडच्या एका जेवणात कारखानीसबाईंनी बोटातली नवी अंगठी सगळ्यांना दाखवली. लग्नाच्या वाढदिवसाला मिस्टरांनी दिलेली, हिऱ्याची. सगळ्यांनी वा वा केलं. अंगठी फिरत फिरत गवससाहेबांकडे आली. त्यांनी खिशातून भिंग काढलं. निखिलने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, पण पायात सेफ्टी शूज होते, त्यांना काय कळणार.

"छान आहे," ते म्हणाले. बाई खूश झाल्या. "काच फार वरच्या प्रतीची आहे."

कारखानीस पतिपत्नींमध्ये पुढे काय झालं ते आम्हाला माहीत नाही. आमच्याकडे मात्र त्या दोघांनी बरेच महिने पाऊल ठेवलं नाही.

गणपतीत त्यांनी असाच घोळ घातला. इथे आमची मराठी मंडळी मोजकीच आहेत, सगळे मिळून एक गणपती बसवतो. एका वर्षी मागे थर्माकोलचा हिमालय केला होता. आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता गवससाहेब म्हणाले की देखावा सुरेख आहे, फक्त हिमालयात थर असे आडवे नसतात. पुढच्या वर्षी मंडळींनी कंटाळून देखाव्याचं काम त्यांच्यावरच टाकलं. त्यांनी कंपनीचा पिकअप भरून खरे दगड आणले आणि थर तिरपे लावून, खालून वर, पृथ्वीच्या वयाप्रमाणे हिमालय उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलचं स्टेज मधोमध खचलं होतं. बाप्पा सुखरूप होते; फक्त थोडे उत्तरेकडे कलले होते. "हे बरोबर आहे," गवससाहेब बघून म्हणाले. "खालची जमीन दबतेच."

सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला खाण दाखवायला न्यायचे. वळणावळणाच्या रस्त्याने वर जायचं आणि एका कड्यावर उभं राहायचं. खाली प्रचंड खड्डा, त्यात मुंग्यांएवढे ट्रक. "इथे डोंगर होता," ते सांगायचे, एखाद्याने जेवून स्वच्छ केलेलं ताट दाखवावं तसं. पश्चात्ताप वगैरे काही नाही. निखिलने एकदा पर्यावरणाचा विषय काढला, तर म्हणाले, "तुमच्या टर्मिनलची जेटी कशावर उभी आहे? या डोंगरावर. तुमचा ओटा? डोंगर. दगड कुठून तरी आणायलाच लागतो. खलास."

म्हणून त्यांच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं.

बहिणीचं नाव शालिनी. गावच्या शाळेत मास्तरीण होत्या, आता निवृत्त. गवससाहेब त्यांना 'बाय' म्हणायचे. भाऊ फोन उचलत नाही म्हणून त्यांनी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता. माझ्याशी बोलताना त्या शाळेतलं मराठी बोलायच्या. भावाचा विषय निघाला आणि पट्टी चढली की मालवणीत शिरायच्या.

हेळवसच्या वर एक मोठं राखीव जंगल आहे. सरकारी. लोक त्याला नुसतं रान म्हणतात. त्या रानाखाली लोखंडाचं खनिज आहे, आणि गेली काही वर्षं एकेक कंपनी तिथे खाण काढायला परवानगी मागत होती. एक अर्ज फेटाळला की दुसरा यायचा. गावाने हरकती घेऊन घेऊन शेवटी मागणी केली होती की हे रान नव्या खाणींसाठी बंदच करा. तसा सरकारी प्रस्ताव निघाला होता. त्याआधी शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी होणार होती, अधिकारी येणार होते, दोन्ही बाजूंचं ऐकणार होते.

"कंपनीकडे मोठमोठे तज्ज्ञ आहेत," शालिनीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे कोण आहे? आमच्याकडे भालू आहे. त्याला सांगा, ऑनलाइन बोलायची परवानगी मी काढलेली आहे. सांगाल मां?"

मी निरोप पोचवला. गवससाहेब फ्रिजवरचे दगड पुसत होते.

"मी खाणवाला माणूस," ते म्हणाले. "मला कशाला बोलावते?"

"तुम्हाला त्या रानाची माहिती आहे म्हणून."

"माहिती आहेच. तरुणपणी सर्वेक्षणात तिथे मीच भोकं पाडली होती. वर्षभर तंबूत राहिलो. खाली काय आहे ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही." आणि मग पुन्हा दगड पुसायला लागले. खलास म्हणाले नाहीत, तेव्हाच मला शंका आली.

दोन-चार दिवसांनी ते चहाला आले आणि साखर ढवळता ढवळता सांगू लागले. खाणीसाठी अर्ज केलेल्यांत त्यांच्याच कंपनीतल्या एका भागीदाराचा मेहुणा होता. भागीदाराने त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. फार प्रेमाने बोलला म्हणे. गवससाहेब, तुम्ही त्याच गावचे, तुमच्या शब्दाला वजन आहे. ती जमीन म्हणजे नुसता खडक आणि झुडपं आहेत, तिथे जंगल म्हणावं असं काही नाही, एवढं तज्ज्ञ म्हणून तुम्ही सांगा.

"मग?"

"मी म्हटलं, तिथे झाडं आहेत. तो म्हणाला, असतील थोडी. मी म्हटलं, थोडी नाहीत. मग तो म्हणाला, बरं, तर निदान गप्प बसा. तुमचं कॉन्ट्रॅक्ट या वर्षी रिन्यू व्हायचंय."

निखिलने कप खाली ठेवला. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की घर जातं, हे कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि साठीच्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार.

"मग गप्प बसा ना," निखिल म्हणाला. "तुमचा तसाही खाणींना विरोध नाही."

"नाहीच आहे," गवससाहेब म्हणाले. मग त्यांनी कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. "पण गप्प बसा म्हणाला, ते मला आवडलं नाही. मला विचारलं तर मी सांगणार. बाय विचारतेय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, शनिवारी तुमचा लॅपटॉप मिळेल का? माझ्याकडे ठेवायला जागा नाही."

शनिवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात एक काळपट लाल दगड होता. जेवणाच्या टेबलावर आम्ही लॅपटॉप ठेवला. पडद्यावर शाळेचा हॉल, समोर टेबलाशी अधिकारी, मागे सतरंजीवर गच्च बसलेले लोक. पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांच्या, ताठ बसलेल्या शालिनीबाई. भाऊ-बहिणीचं नाक इतकं सारखं होतं की ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

कंपनीचा एक तरुण सल्लागार आधी बोलला. रोजगार, रस्ते, दवाखाना, आणि झाडं तोडू तितकी दुसरीकडे लावू. मग गावचे लोक एकेक करून उठले. त्यांनी बहुधा आपसात ठरवलं होतं, कारण प्रत्येक जण हेच सांगत होता की इथे खनिज-बिनिज काही नाही, उगाच रानाची नासाडी होईल. मग गवससाहेबांचं नाव पुकारलं.

ते दोन मिनिटं अतिशय तळमळीने बोलले. मग मी हळूच सांगितलं की आवाज बंद आहे. ते थांबले, मी बटण दाबलं, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

"आधीचे वक्ते म्हणाले, इथे खनिज नाही. हे चूक आहे. खनिज आहे."

सल्लागाराने पेन उघडलं.

"भरपूर आहे. मी स्वतः शोधलंय. हे बघा." त्यांनी तो लाल दगड कॅमेऱ्यासमोर धरला. "इतकं सुंदर खनिज मी नंतर फार कमी ठिकाणी पाहिलं. वर जांभा, त्यात हे. याचं वजन बघा, याचा रंग बघा." आणि ते त्या दगडाबद्दल बोलतच राहिले. इतकं कौतुक त्यांनी कधी कुणा माणसाचं केल्याचं मला आठवत नाही. कंपनीचा सल्लागार भराभर लिहून घेत होता. निखिलने कपाळाला हात लावला. सतरंजीवर कुजबुज सुरू झाली, मग तिचा कालवा झाला, आणि एकाएकी शालिनीबाई उठून थेट कॅमेऱ्याशी आल्या. अख्ख्या पडद्यावर त्यांचा चेहरा.

"भालू, तू कोणाच्या बाजून बोलतंस?"

"दगडाच्या बाजून बोलतंय, बाय. तू बस."

आश्चर्य म्हणजे त्या बसल्या.

"वहिनी," गवससाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक ताट द्या. आणि भांडी घासायचा स्पंज. नवा असेल तर बरं."

मी दोन्ही दिलं. त्यांनी ताटात स्पंज ठेवला आणि खिशातल्या बाटलीतलं पाणी त्याच्यावर हळूहळू ओतायला लागले.

"आता बघा. हा स्पंज म्हणजे तुमच्या डोंगराचा जांभा. भोकाभोकांचा. पावसाचं पाणी तो पिऊन घेतो. खालचं ताट म्हणजे चिकण मातीचा थर. त्याच्यातून पाणी खाली जात नाही. मग ते कुठे जातं? कडेने येतं." त्यांनी ताट किंचित कलतं केलं. स्पंजच्या कडेने पाणी झिरपून ताटात आलं, तिथून टेबलक्लॉथवर, तिथून माझ्या मांडीवर. "हे तुमचे झरे. देवळाकडचा, वरच्या वाडीचा, आणि तो बारमाही वाहणारा व्हाळ. मे महिन्यात तुम्ही जे पाणी पिता, ते हे. आता खनिज कुठे आहे? स्पंजमध्ये आहे. म्हणजे स्पंजच खनिज आहे. ते काढायचं असेल तर," त्यांनी स्पंज उचलून बाजूला ठेवला, "एवढं उरतं."

आणि त्यांनी रिकामं ताट कॅमेऱ्यासमोर धरलं.

सल्लागाराने हात वर केला. "सर, पाण्याची पर्यायी व्यवस्था आमच्या प्रस्तावात आहे. टँकर, पाइपलाइन."

"चांगलं आहे. कधीपर्यंत?"

"खाण चालू असेपर्यंत."

"आणि नंतर?"

सल्लागाराने कागद चाळले. तो वाईट मुलगा नव्हता. खोटं उत्तर त्यालाही देता आलं नाही.

मधल्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "गवससाहेब, तुम्ही स्वतः खाणीत नोकरी करता असं दिसतं. मग तुमचा खाणींना विरोध आहे की नाही?"

"नाही साहेब. मी आयुष्यभर डोंगर फोडले. इथे माझ्या खिडकीतून दिसतात ते फोडले, त्याचं मला काही वाटत नाही. पण कुठला फोडायचा नाही, हेही त्याच कामात शिकलो. तो हा आहे. नवीन अर्ज घेऊच नका. आज हा अर्ज फेटाळाल, उद्या दुसरा येईल. खनिज चांगलं आहे म्हणून येतच राहणार. दार बंद करायचं असेल तर बंदच करा."

मग त्यांना बहुधा सुचेना, म्हणून ते म्हणाले, "खलास," आणि लॅपटॉप मिटला. सुनावणी अजून चालू होती.

निकाल यायला काही महिने गेले. दरम्यान गवससाहेब रोज पहाटे सेफ्टी शूज घालून कामावर जात राहिले. शालिनीबाई मला अधूनमधून फोन करून गावातलं सांगायच्या आणि मी ते समोरच्या दारात नेऊन द्यायचे. ते ऐकून घ्यायचे, "हं" म्हणायचे. सुनावणीबद्दल भाऊ-बहीण एकमेकांशी एक शब्द बोलले नसावेत.

मग एका दुपारी, मी ऑफिसात असताना, शालिनीबाईंचा मेसेज आला. रान बंद झालं होतं. राखीव जंगलाच्या त्या सगळ्या भागात खाणीसाठी नवा अर्ज घेतला जाणार नाही, नवा पट्टा, म्हणजे खाणीचा भाडेपट्टा, दिला जाणार नाही. डोंगराच्या पलीकडे आधीपासून चालू असलेल्या जुन्या खाणीला मात्र हात लावलेला नव्हता. ती आहे तशी राहणार होती. गावातले काही लोक त्यावरून नाराज होते. पण देवळात घंटा वाजवून झाली होती आणि शाळेच्या पोरांना सुट्टी मिळाली होती.

संध्याकाळी मी गवससाहेबांना सांगितलं. त्यांनी मला तो मेसेज पुन्हा वाचायला लावला, 'नवा पट्टा' या शब्दांपाशी थांबवलं, मान हलवली आणि म्हणाले, "ठीक आहे. आता माणसं निवांत झोपतील."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि नवीन झालं नाही. कुणी काही वाईट बोललं नाही. ऑफिसात केक कापला, भागीदाराने स्वतः मिठी मारली, सगळ्यांनी फोटो काढले. गवससाहेबांनी केकचा एक तुकडा इरासाठी टिश्यूत गुंडाळून आणला.

फ्लॅट रिकामा करायचा होता. एका रविवारी आम्ही तिघंही मदतीला गेलो. दगड एका विद्यापीठाला द्यायचे ठरले होते, इरा त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "अंकल, इज धिस वन ओल्डर दॅन यू?"

"हेळवसला कधी जाताय?" मी विचारलं.

"हेळवसला नाही. तिकडे मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत एक ओळखीचा आहे, त्याचं वर्कशॉप आहे. काहीतरी देतो म्हणालाय. राहायला एक खाट मिळेल."

"मुसफ्फात? या वयात, खाटेवर?" निखिल म्हणाला. "गावात तुमचं घर आहे ना?"

गवससाहेब एका दगडाभोवती कागद गुंडाळत होते. गुंडाळून झाला तरी गुंडाळत राहिले.

"वडील गेले तेव्हा मी ओमानच्या वाळवंटात होतो. निरोप उशिरा मिळाला. पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. बाय दारात उभी होती. म्हणाली, आता कशाक इलंस?" त्यांनी दगड खोक्यात ठेवला. "मग मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला जाणार? तिने बोलावलेलं नाही."

"अहो, त्या रागात बोलल्या असतील."

"असेल. पण बोलली ना."

त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि दुसऱ्याने बोललेलं शब्दाला शब्द खरं धरण्याची खोड त्याच्याच पोटातली होती, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं तो माणूस एका वाक्यावर बाहेर राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मीच शालिनीबाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग सांगितलं की नोकरी गेली, ते मुसफ्फात जाताहेत.

"नोकरी गेली? आमच्यासाठी गेली?"

"हो."

"माका एका शब्दान सांगूक नाय त्याने. आणि गावाक कित्याक येना नाय तो? वरची खोली झाडून ठेवतंय मी दर चतुर्थीक."

"ते म्हणतात, तुम्ही बोलावलं नाही."

"मी?" त्यांचा आवाज एकदम मास्तरणीसारखा झाला आणि तसाच मधेच मोडला. "घर त्याचा आसा. घरच्या माणसाक आवतण कोण देता?"

मी फोन ठेवला आणि तशीच समोरच्या दारात गेले. गवससाहेब दोन बॅगा बांधून एकुलत्या खुर्चीवर बसले होते. भिंती अगदी मोकळ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, बायशी बोलले.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, घर तुमचंच आहे. घरच्या माणसाला बोलावणं कोण देतं."

"असं म्हणाली?"

"हो."

"नेमके शब्द काय होते?"

मी डोंबिवलीची. मालवणी मला जमत नाही. तरी प्रयत्न केला. "घर त्याचा आहे. घरच्या माणसाला आवतण कोण देतो."

"आहे नाही. आसा. माणसाला नाही, माणसाक. आणि देतो नाही, देता. पुन्हा सांगा."

"घर त्याचा आसा. घरच्या माणसाक आवतन कोण देता."

"आवतण. ण."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मान खाली घातली होती, हात गुडघ्यांवर. खिडकीतून डोंगर दिसत होते, त्यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"अजून बरोबर येत नाही," ते म्हणाले. "पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. 'ण' मला केव्हाच यायला लागला होता, पण त्यांनी थांबा म्हटलं नाही आणि मीही थांबले नाही.